फुलचोरांची थंडी

आज सकाळी टीव्हीवरच्या हवामानवाल्यानं टायची गाठ सारखी केली आणि अत्यंत गंभीर चेहऱ्यानं सांगितलं, की उद्या पहाटे पारा चाळीस फॅरनहाइटच्या खाली जाईल, गाड्या झाडाखाली लावू नका, इग्वाना पडतील. पाऊस पडेल, गारा पडतील, तसं इग्वाना पडतील. मागे नकाशावर निळे पट्टे होते आणि कोपऱ्यात शेपटी वर केलेलं एक हिरवं चित्र. मी इतकी वर्षं फ्लोरिडात राहते, पण या वाक्याला मी दरवर्षी टाळी वाजवते. एकटी असले तरी वाजवते.

मग उठून कपाटाच्या तळातनं स्वेटर काढते. त्याला डांबरगोळ्यांचा वास असतो. वर्षभर झोपलेला हीटर लावला की घरभर जळक्या धुळीचा वास सुटतो. मागच्या कालव्यावर सकाळी वाफ उठते, जणू कुणी पाण्याखाली चहाचं आधण ठेवलंय. ऊन असतं, पण पातळ, दूध कमी पडलेल्या कॉफीसारखं. आणि मग बाहेर कुठेतरी आवाज येतो, थप्प. ओला टॉवेल दोरीवरून खाली पडावा तसा. पडला एक.

ज्यांनी हा प्राणी पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगते. सरड्याला कुणीतरी वर्षानुवर्षं तूपभात घालून वाढवलं, तर जे होईल, ते म्हणजे इग्वाना. माणसाच्या हाताएवढं धड, त्याहून लांब शेपूट, पाठीवर करवत, गळ्याखाली लोंबणारी पिशवी, आणि चेहऱ्यावर निवृत्त मामलेदाराचा भाव. तो मूळचा इथला नाही. कुणी हौसेनं पाळायला आणला, वाढला तसा झेपेना, दिला सोडून. उबदार हवा, कालव्याचा काठ, लोकांच्या बागा, आणखी काय पाहिजे? फक्त थंडी त्याला सोसत नाही. गारठला की फांदीवरच ताठ होतो आणि झोपेत सुटतो. मेलेला नसतो. ऊन लागलं की उठतो आणि काही झालंच नाही अशा थाटात चालू लागतो.

पण माझ्या मनात इग्वानाची थंडी म्हणजे इग्वाना नव्हेत. माझ्या मनात येतात त्या दोन म्हाताऱ्या बायका, एकमेकींना तिळगूळ देणाऱ्या आणि देताना एकमेकींच्या हाताकडे बघणाऱ्या.

त्या वर्षी माझ्या सासूबाई सांगलीहून आमच्याकडे आल्या होत्या. सासरे गेल्यानंतरचा तो त्यांचा पहिला हिवाळा. परतीचं तिकीट मार्चचं होतं. मिलिंदनं, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, त्यांना विमानतळावरच सांगून टाकलं होतं, "आई, आता परत जायचं नाही. इथंच राहायचं." त्यावर त्या म्हणाल्या होत्या, "थंडी जाऊ दे. मग सांगते." सांगलीचा फ्लॅट कुलूपबंद होता. आम्ही दोघं दिवसभर कामावर, मुलगी कॉलेजात दूर. या घरात त्यांना राहावंसं वाटेल का, एवढाच प्रश्न होता, आणि तो रोज जेवणाच्या टेबलावर मिठाच्या भांड्यासारखा मध्ये असायचा. कुणी उचलत नसे.

त्यांना राहावंसं वाटेल अशी एकच गोष्ट या गावात होती. प्रमिलाकाकू.

प्रमिलाकाकू आमच्या शेजारच्या. मूळच्या नागपूरच्या, नवरा डॉक्टर, सगळा संसार ओहायोतल्या डब्लिन गावात झाला. निवृत्तीनंतर काका म्हणाले बर्फ पुरे, म्हणून दोघं इकडे आली. काकूंच्या केसांना कात्री, पायात पांढरे बूट, आणि तोंडात अजून नागपूरचं "अरे बाप्पा". आईंनी त्यांना पहिल्या आठवड्यातच मसाल्याच्या वासावरून ओळखून काढलं. "शेजारी कुणी तरी तीळ-खोबरं भाजतंय," असं म्हणून त्या थेट कुंपणापर्यंत गेल्या होत्या. तेव्हापासून रोज दुपारी चारला दोघींचा चहा. सुमनताई आणि प्रमिलाताई. सुनांची निंदा, गुडघे, गोळ्या. मी माझ्या दवाखान्यातून आले की कपबशा विसळायला पडलेल्या असत आणि आईंचा चेहरा उजळलेला असे. मी मनात म्हणायचे, चला, चाळीस टक्के काम झालं.

आणि मग जास्वंद फुलली.

आईंनीच ती लावली होती. कुंडीत, मागच्या बाजूला, कालव्याकडच्या हिरवळीवर. लाल, पाच पाकळ्यांची, गणपतीला लागते ती. संध्याकाळी त्या कळ्या मोजायच्या. मी आणि मिलिंद आठला बाहेर पडायचो, मग त्यांची अंघोळ, स्तोत्रं, आणि दहाच्या सुमाराला पूजा. दहाला फुलं तोडायला जाव्यात, तर कुंडी रिकामी. एक पाकळी खाली नाही. देठासकट साफ.

सांगलीतल्या माणसाला याचा एकच अर्थ ठाऊक असतो. काठीला आकडी, हातात पिशवी, आणि देवाच्या नावाखाली दुसऱ्याच्या कुंपणातनं फुलं ओरबाडणारे भाविक. आईंनी तिथल्या आपल्या गल्लीत पन्नास वर्षं पहारा केला होता. कोण पारिजातकाखाली चादर टाकतं, कोण फक्त पांढरी कण्हेर नेतं, कोण "अहो, खाली पडलेलीच घेतली" म्हणतं, सगळं तोंडपाठ. अशा तयारीची बाई अमेरिकेत आली. त्यांनी माझ्यासमोर खटला मांडला.

"इथं आसपास पूजा करणारं दुसरं घर कुठलं?"

"आई, तसं म्हणू नका."

"मी काही म्हणत नाही. मी विचारते. घर कुठलं?"

"काकूंचं."

"त्या फिरायला किती वाजता जातात?"

"नऊला."

"आणि माझी फुलं किती वाजता जातात?" एवढं बोलून त्यांनी पदर खांद्यावर घेतला, खटला संपल्यासारखा.

मी त्यांना सांगून पाहिलं. माझा दातांचा दवाखाना आहे त्या प्लाझाचं, म्हणजे दुकानांच्या संकुलाचं, उदाहरण दिलं. तिथं मागे कालवा, त्यामुळे इग्वानांचा सुळसुळाट. पिझ्झावाल्याच्या दारात लेंड्या, छतावरच्या एसीत घरटं केल्यासारखे बसलेले, फरशीखाली बिळं. एकदा तर फुटपाथच खचला. मग मॅनेजरनं नारळीच्या आणि पामच्या बुंध्यांना पत्र्याचे गुळगुळीत पट्टे बांधले, म्हणजे नख रोवून चढता येऊ नये. बिळांत दगड-वाळू भरली, एसीभोवती जाळी मारली, आणि कुंपणाची सगळी जास्वंद उपटून तिथं क्रोटन लावले. "आई, जास्वंद उपटली त्यानं. कारण ती त्यांची आवडती."

"सरडा फूल खातो?" आई म्हणाल्या.

"हा खातो."

"सरडा किडे खातो, अनघा. पाल माशी खाते. देवानं ज्याला त्याला नेमून दिलंय. शाकाहारी सरडा मी सत्त्याहत्तर वर्षांत ऐकला नाही. आणि खाल्लंच, तर पानं कुरतडील. फक्त उमललेलं, लाल, देठासकट? एवढी निवड देवभक्त करतो, सरडा नाही."

आमच्या घरामागे मी तोवर एकही इग्वाना पाहिला नव्हता. आणि खरं सांगायचं तर आईंची बाजू ऐकायला जास्त मजा येत होती. माझ्या बाजूला एक प्राणी होता. त्यांच्या बाजूला हेतू, संधी आणि पांढरे बूट.

त्यांनी पहारा केला. सकाळी खुर्ची टाकून कुंडीशेजारी बसल्या, मांडीवर पोथी. त्या दिवशी फुलं जागेवर. दुसऱ्या दिवशी बसल्या नाहीत, फुलं गेली. "बघ," मला म्हणाल्या, "मी दिसले की चोर येत नाही. म्हणजे चोर मला ओळखतो."

मिलिंद म्हणाला, "आई, मी कॅमेरा लावतो मागे. वीकेंडला."

"नको."

"अगं, कळेल तरी कोण ते."

"कळलं तर?" त्या शेंगा निवडत होत्या, त्यातली एक तशीच बोटांत राहिली. "कळलं तर चारला चहा कोणाबरोबर घेऊ मी?"

त्यानंतर कॅमेऱ्याचं नाव कुणी काढलं नाही. मी मात्र त्या रात्रीपासून थोडी धास्तावले. माझी करमणूक चालली होती खरी, पण आईंचं मार्चचं तिकीट ड्रॉवरमध्ये होतं, आणि चहाची वेळ आता कमी कमी होत होती. आधी दीड तास चालणारी मैफल अर्ध्या तासावर आली. मी घरी येई तेव्हा कपबशा विसळून ठेवलेल्या असत.

कारण तिकडेही काहीतरी शिजत होतं. काकूंनी परसात लाल भोपळ्याचा वेल लावला होता, त्याला पिवळी धमक फुलं यायची. आईंनी पहिल्यांदा तो वेल पाहिला तेव्हा सहज म्हणाल्या होत्या, "आमच्याकडे या फुलांची भजी करतात हो. डाळीच्या पिठात बुडवून. काय लागतात!" हे त्या बोलल्या आणि विसरल्या. काकू विसरल्या नसाव्यात. कारण हल्ली चहाला आल्या की त्या आमच्या कढईकडे बघायच्या. "काय सुमनताई, तळणाचा वास येतोय?" "पापड तळले." "हो का? पापडच ना?" एकदा जाताना मला दारात म्हणाल्या, "अनघा, तुझ्या सासूबाईंना डाळीचं पीठ जपून दे हो. या वयात तळकट बरं नाही."

संक्रांत आली. काकूंकडे हळदीकुंकू. गावातल्या पाच-सहा मराठी बायका, साड्यांवर कार्डिगन, "हाय, कित्ती दिवसांनी", प्लास्टिकचे डबे लुटलेले. तिळगूळ हातावर ठेवताना दोन्ही ज्येष्ठ महिलांनी गोड बोलण्याची जी आपली पद्धत आहे, ती शब्दशः पाळली. इतकी गोड की ऐकणाऱ्याच्या दाताला कीड लागावी, आणि हे मी व्यावसायिक म्हणून सांगते. आणि मग आईंनी माझा दंड धरला. बोटं रुतली. देवघरातल्या गणपतीच्या डोक्यावर लाल जास्वंद होती.

मी पाणी पिण्याच्या निमित्तानं जवळ जाऊन पाहिलं. घरी येताना सांगितलं, "आई, ते कापडाचं आहे. क्राफ्टच्या दुकानात मिळतं."

आई कुंपणापर्यंत चालत आल्या. मग म्हणाल्या, "वरचं कापडाचं. खालची कोणी पाहिली?"

मला आज वाटतं, की परक्या देशात संशय घ्यायलासुद्धा आपलं माणूस लागतं. समोरच्या गोऱ्या शेजाऱ्यानं कुंडी उचलून नेली असती तरी आईंना काही कळलं नसतं, कारण त्याच्या चोरीची रीतच त्यांना ठाऊक नव्हती. प्रमिलाकाकूंची होती. ती सांगलीतलीच होती, नागपूरमार्गे आलेली. त्या एका संशयावर आईंचा दिवस उभा राहत होता. पण मनातून त्याच दिवसाच्या भिंती त्या स्वतः पाडत होत्या, तेही मला दिसत होतं. एका संध्याकाळी त्यांनी ड्रॉवरमधून तिकीट काढून टेबलावर ठेवलं. मिठाच्या भांड्याशेजारी.

"मार्चचं आहे ना? ठीक आहे," म्हणाल्या.

त्याच आठवड्यात ती थंडी आली. हवामानवाल्यानं इशारा दिला, मिलिंद कामासाठी डॅलसला गेला होता, आणि मी जास्वंदीची कुंडी उचलून मागच्या पॅटिओत आणून ठेवली. आमचा पॅटिओ म्हणजे चारी बाजूंनी डासांची जाळी लावलेली मोकळी पडवी. सकाळी माझ्या पेशंटांनी एकापाठोपाठ एक अपॉइंटमेंटा कॅन्सल केल्या. फ्लोरिडाची माणसं थंडीत दातसुद्धा दाखवत नाहीत. मी स्वयंपाकघरात पराठ्यांची कणीक मळत होते, तेवढ्यात बाहेरून हाक आली. आईंची.

"अनघा! घोरपड मेली गं!"

काचेतून पाहिलं. हिरवळीवर, उताणा, पाय आकाशाकडे, एक भला मोठा इग्वाना. बाजूला आई, शाल, कानटोपी, पायांत मिलिंदचे मोजे. आणि कुंपणापलीकडून, तशाच शालीत, प्रमिलाकाकू येत होत्या. आवाज त्यांनीही ऐकला असणार.

"सुमनताई, हात लावू नका. टीव्हीवर सांगतात, आत घेऊ नका म्हणून."

"आत कुठं घेते? पडवीत घेते. ऊन आहे तिथं."

"अहो, चावेल!"

"मेलेलं चावतं का? आणि मेलेलं नसेल तर उघड्यावर मरू द्यायचं का? जीव आहे."

मी "आई, थांबा" म्हणेपर्यंत त्यांनी जुनी चादर आणून त्याच्याखाली सरकवली आणि ओढू लागल्या. एकटीला झेपेना. काकू दोन क्षण बघत राहिल्या, मग "अरे बाप्पा" म्हणत दुसरं टोक धरलं. दोघींनी त्याला ओढत ओढत पडवीत आणलं. इतके दिवस एकमेकींच्या डोळ्यांत न बघणाऱ्या दोन बायका, मध्ये एक गारठलेला मामलेदार. मला हसावं की नको कळेना. मी चहा टाकला. काही सुचलं नाही की आपण चहा टाकतो.

त्या दोघी भिंतीकडच्या खुर्च्यांवर कप घेऊन बसल्या. ऊन हळूहळू जाळीतून आत आलं आणि त्याच्या पाठीवर पसरलं. आधी एक डोळा उघडला. मग गळ्याखालची पिशवी हलली. मग तो उपडा झाला, एक पाय, दुसरा पाय. दोघींनी एकदम आपापले पाय खुर्चीवर घेतले. त्यानं इकडेतिकडे पाहिलं, दोघींना पाहिलं, त्याला काही विशेष वाटलं नाही. तो जास्वंदीच्या कुंडीकडे गेला. मान वर केली. आणि त्या दिवशीचं पहिलं फूल, पूर्ण उमललेलं, लाल, देठासकट, तोंडात घेतलं.

चावलं नाही, गिळलं. मग दुसरं.

शेवटी काकू पुटपुटल्या, "म्हणजे माझी भोपळ्याची फुलं..."

आईंनी मान वळवली. "तुमची फुलं काय?"

"काही नाही. जात होती."

"आणि तुम्हाला कोण वाटलं?"

काकूंनी चहाचा मोठा घोट घेतला.

"प्रमिलाताई, कोण वाटलं?"

"तुमच्या जास्वंदी जात होत्या ना? तुम्हाला कोण वाटलं, ते आधी सांगा."

आणि मग जे झालं ते लिहिताना अजून माझ्या अंगावर आनंदाचा काटा येतो.

"मी? मी तुमच्या कुंपणात शिरून भजीसाठी फुलं तोडीन? या गुडघ्यांनी?"

"आणि मी तुमच्या देवाची फुलं चोरीन? ओहायोत तीस वर्षं कार्नेशनच्या फुलांवर पूजा केली मी! एका शब्दानं कुणाला मागितलं नाही!"

"मग कापडाचं कशाला ठेवलंत?"

"म्हणजे तुम्ही माझं देवघर तपासलंत?"

"तुम्ही माझी कढई हुंगत होतात!"

इग्वाना तिसऱ्या फुलावर होता. मी दारात उभी होते आणि मला एकच गोष्ट ऐकू येत होती, ती म्हणजे आईंचा आवाज. आमच्या घरी आल्यापासून त्या पाहुण्यासारख्या हळू बोलायच्या. नळसुद्धा हळू सोडायच्या. आज त्यांचा आवाज कालव्यापलीकडे जात होता. हा सांगलीचा आवाज. हा आपल्या घरात उभं राहून भांडणाऱ्या बाईचा आवाज.

मी रिकला फोन केला. रिक आमच्या प्लाझातले इग्वाना पकडतो, पिकअपवर हिरव्या सरड्याचं चित्र आहे. म्हणाला, तासाभरात येतो, लांब राहा, शेपटी चाबकासारखी लागते. मी बाहेर येऊन सांगितलं.

"धरून कुठं सोडतो?" आईंनी विचारलं.

"सोडता येत नाही, आई. कायदाच आहे. बाहेरचा उपद्रवी प्राणी, पुन्हा सोडायचा नाही. त्रास न देता... संपवतात."

दोघी क्षणभर त्याच्याकडे बघत राहिल्या. तो ऊन खात होता, ओठाशी लाल रेघ.

"बरोबरच आहे," काकू म्हणाल्या. "किती नुकसान करतात."

"हो. बरोबरच आहे," आई म्हणाल्या.

इतक्या आठवड्यांत त्यांचं पहिल्यांदा एकमत झालं होतं. तिथंच मला संशय यायला हवा होता. मी पराठे लाटायला आत गेले.

रिक आला तेव्हा पडवी रिकामी होती. जाळीचं दार सताड उघडं. आतल्या बाजूला त्याला कडी आहे, खटक्याची. रिकनं कडी पाहिली, माझ्याकडे पाहिलं, दोन म्हाताऱ्यांकडे पाहिलं. "मॅम, इग्वानाला ही उघडता येत नाही."

दोघी दुसरा चहा पीत होत्या. चेहऱ्यावर असा निरागसपणा की बालवाडीत शोभावा.

"त्याला विचार," आई मला म्हणाल्या, "पराठा घेतोस का म्हणून."

निघताना काकूंनी मला कुंपणाशी गाठलं. "सुमनताईंनी उघडलं दार. मी पाहिलं. पण बोलू नकोस हं." संध्याकाळी आई म्हणाल्या, "प्रमिलाताईंनी उघडलं. मी मुद्दाम डोळे मिटून घेतले, बघायला नको म्हणून."

तो इग्वाना, किंवा त्याचा भाऊबंद, नंतर अर्थातच आला. कालव्याच्या काठाला बीळ केलं, माती खचली, रिकला पुन्हा बोलवावं लागलं, आणि तेव्हा कुणी दार उघडलं नाही. आज आमच्या झाडांनाही पत्र्याचे पट्टे आहेत, काठावर दगड आहेत, जास्वंद बारीक जाळीच्या पिंजऱ्यात फुलते. या गोष्टी कराव्या लागतात, आणि मी त्या केल्या. पण त्या सकाळचं दार कुणी उघडलं हे मला अजून माहीत नाही. माझा संशय दोघींवर आहे, सारखाच.

मार्च आला. कालव्यावरची वाफ गेली, स्वेटर कपाटात गेले. एका सकाळी मिलिंद टेबलाशी येऊन उभा राहिला. "आई, तिकिटाचं काय करू? पुढच्या आठवड्यातलं आहे."

आई खिडकीशी उभ्या होत्या. बाहेर प्रमिलाकाकू फिरून परतत होत्या, दुरून आमच्या घराकडे बघत.

"कॅन्सल कर," आई म्हणाल्या.

मिलिंदच्या हातातला चमचा खाली पडला. "खरंच? राहतेस?"

"हळू बोल," आई म्हणाल्या. पडदा त्यांनी बोटभर बाजूला केला. "हल्ली ही बाई फिरायला जाताना पिशवी नेते. जाताना रिकामी, येताना भरलेली. कशानं, ते कळल्याशिवाय मी इथून हलायची नाही."